वाचन, बोलणे आणि हिशेब: मुलांचा ओघ तोडणाऱ्या या चुका टाळा

पहिली-दुसरीतले मूल अडखळत वाचते, बोलताना मध्येच थांबते किंवा साध्या वजाबाकीला फार वेळ लावते, अशी तक्रार ठाणे आणि नवी मुंबईतल्या पालकांकडून नेहमी ऐकू येते. आईवडील दोघेही लोकलच्या गर्दीतून घरी पोहोचेपर्यंत आठ वाजलेले असतात, जेवणाआधी जेमतेम अर्धा तास मिळतो, आणि त्या अर्ध्या तासात मुलाचा सराव होण्याऐवजी त्याची परीक्षाच घेतली जाते. पुढच्या बहुतेक चुका या घाईतून होतात. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी: ओळीने घडाघडा म्हणता येणे आणि नीट येणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर घरात बहुधा कोणी तपासत नाही.

वाचनात अडत असेल तर

केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानात दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या मुलाने किमान ६० शब्द वाचावेत, असे उद्दिष्ट आहे. हे आकडे कळल्यावर काही घरांत मोबाइलवर वेळ लावून वाचून घेणे सुरू होते. त्या उद्दिष्टात अनोळखी मजकूर, अचूक वाचन आणि अर्थाचे आकलन या तिन्ही गोष्टी धरलेल्या आहेत, हे मात्र लक्षात घेतले जात नाही. पूर्णविराम गिळून मिनिटाला सत्तर शब्द वाचणारे मूल, गोष्टीत काय झाले हे सांगू शकत नसेल, तर त्याचे वाचन अजून तयार झालेले नाही.

याहून घातक चूक म्हणजे प्रत्येक शब्दावर टोकणे. ‘मांजर दाराआड लपले’ एवढे वाक्य वाचताना मूल ‘मांजर दारा...’ म्हणून क्षणभर थांबते, तोच आई ‘दाराआड!’ असे सांगून टाकते. चार-पाच वेळा असे झाले की मुलाची नजर पुस्तकावरून आईच्या चेहऱ्याकडे वळते आणि शब्द फोडण्याचा प्रयत्न ते सोडून देते. मूल अडले की मनात पाच अंक मोजावेत. तरीही जमले नाही तर रागावल्याचा सूर न लावता शब्द सांगावा, ‘असू दे, पुढे वाच,’ म्हणावे आणि वाक्य संपल्यावर ते त्याच्याकडून पुन्हा पहिल्यापासून वाचून घ्यावे. शंभर शब्दांत दहापेक्षा जास्त ठिकाणी मूल अडत असेल, तर दोष मुलाचा नसून मजकूर अवघड आहे, असे समजून सोपे पुस्तक हाती द्यावे.

पाठ्यपुस्तकातला धडा मूल सफाईने वाचते म्हणून निश्चिंत होणेही चुकीचेच. वर्गात ऐकून ऐकून तो धडा पाठ झालेला असतो. धड्याच्या मधल्या एखाद्या ओळीतला शब्द बोटाने दाखवून विचारावा, म्हणजे खरी स्थिती कळते. बाराखडीचेही तसेच आहे: ‘क, का, कि, की’ सुरात म्हणणाऱ्या मुलाला एकदम ‘कू’ दाखवला तर ते मनात पुन्हा ‘क’पासून सुरुवात करते. म्हणून बाराखडी म्हणून घेण्याबरोबरच अक्षरांच्या चिठ्ठ्या विस्कटून ओळखायला द्याव्यात. ‘क-म-ळ’ असे सुटे वाचताना प्रत्येक अक्षरात पूर्ण ‘अ’ येतो, पण शब्द उच्चारताना शेवटचा ‘अ’ गळतो. त्यामुळे सुटी अक्षरे बरोबर वाचूनही मुलाला शब्द लागत नाही. अशा वेळी तो आपण सलग उच्चारून दाखवावा. ‘चक्र’, ‘सूर्य’, ‘राष्ट्र’ अशा शब्दांत एकाच ‘र’ची तीन रूपे दिसतात आणि मुले ‘चकर’, ‘सुरय’ असे वाचतात. ही तिन्ही रूपे एका दिवसात शिकवू नयेत.

सरावाची सर्वांत भरवशाची रीत साधी आहे. साठ-सत्तर शब्दांचा एकच उतारा घ्यावा. आधी मोठ्यांनी वाचावा, मग दोघांनी मिळून, मग मुलाने एकट्याने, आणि तोच उतारा तीन-चार दिवस चालवावा. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी १८९३ सालापासूनची संस्था शहरात असताना मुलाच्या वाट्याला फक्त शाळेचीच पुस्तके येऊ नयेत. प्रवासातही वाचन होते: ट्रान्स हार्बर मार्गावर ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे या पाट्या गाडी फलाटावर थांबल्यावर मुलालाच वाचू द्याव्यात.

बोलण्यात अडत असेल तर

दोन ते पाच वर्षांच्या काळात अनेक मुले शब्द किंवा त्याचे पहिले अक्षर पुन्हा पुन्हा उच्चारतात आणि त्यांतील बहुतेकांचे बोलणे आपोआप सुरळीत होते. ‘हळू बोल’, ‘आधी श्वास घे’, ‘नीट सांग’ अशा सूचनांनी मुलाचे लक्ष आशयावरून उच्चाराकडे जाते आणि ताण वाढतो. त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. आपणच संथ बोलावे आणि ते काय सांगते आहे त्याला उत्तर द्यावे. घरात मराठी, सोसायटीच्या आवारात हिंदी आणि शाळेत इंग्रजी असल्यामुळे मूल उशिरा बोलते, ही समजूत निराधार आहे. त्या भीतीपोटी घरातली मराठी बंद करणे हे मोठे नुकसान आहे.

आगरी-कोळी घरांतली मुले ‘डोळा’ हा शब्द ‘डोला’ आणि ‘पाणी’ हा ‘पानी’ असा वाचतात, तेव्हा त्यांनी अक्षर ओळखलेले असते आणि ते आपल्या बोलीत उच्चारलेले असते. ही वाचनातली चूक नव्हे. प्रमाण उच्चार सावकाश ऐकवावा, पण भर वर्गात किंवा पाहुण्यांसमोर हसून मुलाचे बोलणेच बंद पाडणे हा अन्याय आहे.

गणितात अडत असेल तर

मराठी संख्यानावांत एकक आधी ऐकू येतो. ‘त्रेपन्न’ म्हटले की मुलाच्या कानावर आधी तीन येतात आणि ते ३५ लिहिते. ‘एकोणचाळीस’मध्ये चाळीस ऐकून ४९ लिहिते. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले तेव्हा राज्यभर वाद झाला. रूढ नावे मुलांना यायलाच हवीत, परंतु त्या मांडणीमागची अडचण खरी होती. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला भाजीवाल्याचे ‘पस्तीस रुपये’ कळत नाहीत, यात हुशारीचा प्रश्न नाही. दहाच्या तीन नोटा आणि एक रुपयाची पाच नाणी समोर ठेवून, ‘तीस आणि पाच, पस्तीस’ असे म्हणत मोजून घ्यावे आणि मगच ३५ लिहायला सांगावे.

५२ मधून १७ वजा करताना ४५ असे उत्तर आले, तर मुलाने सातातून दोन वजा केलेले असतात. अशा वेळी ‘हातचा विसरलास’ असे सांगून पुन्हा दहा गणिते घालण्यात अर्थ नाही. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्याव्यात. सात काड्या काढण्यासाठी एक गठ्ठा सोडावा लागतो, हे त्याच्या हातांना कळले की हातचा समजतो. बोटे मोजण्यालाही सुरुवातीला मनाई करू नये, ती सवय यथावकाश सुटते. ‘सात आठे’ विचारल्यावर ‘सात एके सात’पासून सुरुवात करणाऱ्या मुलाला पाढा म्हणता येतो, वापरता येत नाही, पाढे पाठ झाल्यावर ते उलटसुलट विचारायला हवेत. मणी सरकवून हिशेब शिकवणाऱ्या अॅबॅकसच्या वर्गाने आकडेमोड वेगवान होईल, पण शाब्दिक उदाहरणात बेरीज करायची की वजाबाकी, हे ठरवण्याचे काम तो करत नाही.

थांबणे केव्हा चुकीचे

दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, अडखळणे सहा महिन्यांहून जास्त टिकले असेल, किंवा बोलताना चेहरा ताणला जात असेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणत बसू नये. आधी कानांची तपासणी करावी, मग वाचा-भाषा तज्ज्ञांना दाखवावे. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थेत दोन्ही सोयी आहेत. तिसरीपर्यंत नियमित सराव करूनही अक्षरे उलटसुलट होत असतील, तर आधी डोळे तपासून घ्यावेत आणि नंतर वर्गशिक्षकांशी बोलून अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात येणाऱ्या अडचणीची, तपासणी करून घ्यावी. तज्ज्ञांकडे जाताना मुलाच्या वाचनाचे दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण आणि त्याने सोडवलेल्या गणितांची वही बरोबर न्यावी.