एक तास थेरपी, तेवीस तास घर : सीपीच्या मुलांबाबत या चुका टाळा

‘जन्मल्यावर रडला नाही, आठ दिवस पेटीत होता.’ माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांची हकीकत इथूनच सुरू होते. पुढचं वाक्यही बहुधा ठरलेलं असतं : ‘लक्ष ठेवा म्हणाले होते, पण सासूबाई म्हणाल्या, याचे बाबाही दोन वर्षांनी चालले.’ मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे सीपी, हा माझा रोजचा विषय : लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचाली बिघडतात तो आजार. त्यात पालकांच्या हातून होणाऱ्या चुका निष्काळजीपणाच्या क्वचितच असतात. बहुतेक मायेपोटीच होतात, म्हणून सुटायला अवघड जातात.

वाट पाहणं ही त्यातली पहिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार जवळपास सगळी निरोगी मुलं ९.२ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसतात आणि १७.६ महिन्यांपर्यंत एकटी चालतात. बाबा कधी चालले याला त्या तक्त्यात रकाना नाही. मात्र बाळ लवकर जन्मलं असेल तर वय मोजताना तेवढे आठवडे वजा करायचे. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ आठ महिन्यांचं झालं, की आपण त्याला सहा महिन्यांचं धरतो. ही वजाबाकी दोन वर्षांपर्यंत चालते. ती न केल्यामुळे उगाच घाबरलेले पालकही मला भेटतात.

आणखी एक वाक्य मी कौतुकाने ऐकत नाही : ‘आमचं बाळ डावखुरं आहे, सगळं डाव्याच हाताने घेतं.’ वर्षाच्या आतलं बाळ डावखुरंही नसतं आणि उजवंही नसतं. ते एकच हात वापरत असेल, दुसऱ्याची मूठ मिटलेलीच राहत असेल, तर त्या दुसऱ्या हाताकडे बघा. एका बाजूच्या सीपीची ही फार लवकर दिसणारी खूण आहे.

मालिश, ताण आणि आकडे मोजणं

तेल लावायला माझी ना नाही. आजीच्या हातची मालिश बाळाला आवडते, झोप छान लागते. चूक होते ती मालिशलाच उपचार समजण्यात. सीपीत दुखणं मेंदूत असतं. पोटरी कडक होते ती मेंदूकडून येणारा निरोप बिघडल्यामुळे. ‘नस आखडली’ म्हणून ती जोराने रगडली, की मूल रडतं आणि रडणारं मूल आणखी ताठ होतं.

ताणाच्या व्यायामाचंही तसंच. टाच खाली यावी म्हणून बाबा पंजा धरून वर ढकलतात. पाय वर आलेला दिसतो, सगळे खूश. प्रत्यक्षात पाऊल मध्येच वाकलेलं असतं आणि टाच जागची हललेली नसते. असं महिनोन्‌महिने केलं तर तळवा सपाट होतो. टाच तळहातात पूर्ण धरा, ती खाली ओढा, तळवा तुमच्या मनगटाच्या पुढच्या भागावर टेकू द्या. गुडघा सरळ ठेवून एकदा आणि वाकवून एकदा करा, कारण पोटरीचा एक स्नायू गुडघ्याच्याही वर जातो. पण एवढं करूनही वीसपर्यंत आकडे मोजून सोडलेला ताण थोडाच वेळ टिकतो. खरं काम करतो तो तासन्‌तास मिळणारा ताण : स्प्लिंट, म्हणजे पाऊल आणि घोटा सरळ धरून ठेवणारा, मापाचा बनवलेला साचा, आणि उभं राहण्याची फ्रेम.

स्प्लिंट कपाटात असतो, ही तक्रार मी रोज करते. ‘घालूच देत नाही’ असं आई म्हणते, तेव्हा मी तिलाच घालून दाखवायला सांगते. बहुतेक वेळा टाच आत बसलेलीच नसते. गुडघा वाकवा म्हणजे पोटरी सैल पडते. सुरकुती नसलेला, स्प्लिंटपेक्षा उंच मोजा घाला. टाच मागे आणि खाली दाबून बसवा, आणि घोट्यावरचा पट्टा सगळ्यांत आधी आवळा. काढल्यावर पायावर लाल डाग दिसेल. तो अर्ध्या तासात गेला तर ठीक. गेला नाही तर घासतोय, बनवणाऱ्याकडे परत न्या. आणि मूल वाढतं, स्प्लिंट वाढत नाही. मागच्या दिवाळीचा या दिवाळीला चालेलच असं नाही.

चाकांचा मोह

आपला जुना लाकडी पांगुळगाडा मूल स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलायचं. हल्ली बारशात भेट येतो तो गोल वॉकर वेगळा. त्यात मूल लोंबकळतं आणि चवड्यांनी जमीन मागे सारतं. ज्या मुलाचे पाय आधीच कात्रीसारखे एकमेकांवर येतात, त्याला आपण चवड्यावर चालण्याचाच सराव देतो. शिवाय जिन्यावरून पडण्याचा धोका आहेच. कॅनडाने या वॉकरवर २००४ साली बंदी घातली.

पाय मागे दुमडून इंग्रजी डब्ल्यूसारखं बसण्यावरून मात्र घरोघरी जरा जास्तच आरडाओरडा होतो. ताठ मुलाला तीच एक बैठक जमते आणि त्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. ओरडण्यापेक्षा बुटका पाट किंवा छोटं स्टूल द्या.

सगळंच सीपी नसतं

ही चूक पालकांपेक्षा आमच्यासारख्यांची जास्त. चार वर्षांचा मुलगा सारखा पडतो, जिना चढताना कठडा धरतो, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर येतो. पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या भरलेल्या. घरचे म्हणतात कमजोर आहे, रोज पन्नास उठाबशा काढायला लावतो. थांबा. हा डुशेन नावाचा स्नायूंचा आजार असू शकतो. त्यात उठाबशांनी किंवा भराभर जिने उतरवण्याने स्नायू तुटतात, मजबूत होत नाहीत. आधी सीपीके ही रक्ताची साधी तपासणी करून घ्यायची. आणि मूल काल जे करत होतं ते आज करेनासं झालं, तर व्यायाम वाढवत बसू नका, मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे जा. सीपीत मेंदूची इजा पुढे वाढत नाही, म्हणजे कारण दुसरं असू शकतं.

न दुखणारी एक गोष्ट हमखास राहून जाते : खुबा. सीपीच्या साधारण तीनातल्या एका मुलाचा खुबा हळूहळू जागेवरून सरकतो, न चालणाऱ्या मुलांत तर जास्तच. दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. मूल हसतंखेळतं असलं तरी डॉक्टरांना विचारून ठरावीक काळाने एक्स-रे काढा.

कडक स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन घेतलं की ‘आता महिनाभर आराम’ असं ठरवणारेही असतात. त्याचा असर साधारण तीन महिने राहतो. पाय सैल असतो तेव्हाच शिकवायचं. आरामात घालवले तर पैसेही गेले, वेळही गेला.

पैशांवरून आठवलं. जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी, म्हणजे लवकर निदान-उपचाराचं केंद्र, बऱ्याच जणांना माहीतच नसतं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं ते केंद्र, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढायला लाजू नका. ‘शिक्का बसेल’ म्हणून थांबणाऱ्यांना निरामय या सरकारी आरोग्य विम्याचं वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण मिळत नाही, कारण त्याला अपंगत्वाचा दाखला लागतो.

आता तेवीस तासांचं. माझ्या गादीवर मूल एक तास असतं, तेही अर्धा वेळ माझ्यावर रागावून. घरी शर्ट घालताना बाही तुम्ही ओढता, तिथे दहा सेकंद थांबा आणि त्याला हात घालू द्या. खेळणं हातात देऊ नका, वीतभर लांब ठेवा. कमजोर हाताच्या बाजूने भाकरीचा तुकडा द्या. सकाळी सगळ्यांना घाई असते, मला कळतं. मग संध्याकाळी करा.

आणि पुढच्या वेळी येताना फोनवर एक मिनिटाचा व्हिडिओ आणा : घरच्या फरशीवरून ते एकटं कसं उठतं त्याचा. माझ्यासमोर ते उठत नाही, रडतं.