ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी ब्रांच कशी ठरवायची: आमच्या घरात केलेली तयारी

गेल्या वर्षी म्हणजे २०२५ ला माझी भाची इंजिनिअरिंगच्या सीईटीला बसली होती. निकालानंतर ऑप्शन फॉर्म भरायचा असतो, त्यात हवी ती कॉलेजं आणि ब्रांच आवडीच्या क्रमाने लिहायच्या. ताई आणि भाऊजी बार्शीला असतात, मी पुण्यात साईटवर सिव्हिल इंजिनिअर. परीक्षेच्या आधीच्या दिवाळीत ताई म्हणाली अरे तू इंजिनिअर आहेस ना मग तूच सांग हिला काय घ्यावं, आणि मी तिथल्या तिथे काही सांगू शकलो नाही, कारण माझ्या वेळी मी स्वतः काही ठरवलंच नव्हतं, जिथे नंबर लागला तिथे गेलो. मग आम्ही तिघांनी मिळून जी तयारी केली ती इथे लिहितोय, ज्यांची मुलं आत्ता बारावीला आहेत त्यांनी वाचा. आणि एक आधीच सांगतो, कटऑफ जिथे जास्त ती ब्रांच चांगली हा हिशोब आधी डोक्यातून काढा. कटऑफवरून एवढंच कळतं की मागच्या वर्षी कशासाठी जास्त पोरं रांगेत होती. तुमच्या पोराला चार वर्षं काय वाचायला आवडेल आणि पुढची तीस वर्षं रोज सकाळी उठून काय करायला आवडेल हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

पहिलं काम सिलॅबस बघायचं, आणि हे निकालाची वाट न बघता करायचं. ब्रांचच्या नावावर जाऊ नका. कॉलेज ऑटोनॉमस म्हणजे स्वतःचा सिलॅबस ठरवणारं असेल तर त्याच्या वेबसाईटवर, नाहीतर युनिव्हर्सिटीच्या वेबसाईटवर पूर्ण सिलॅबसची पीडीएफ असते. फर्स्ट इयर बहुतेक सगळ्यांना सारखंच असतं म्हणून ते सोडा, सेकंड इयर आणि थर्ड इयर उघडा. मेकॅनिकलला थर्मोडायनॅमिक्स, मशीनची थिअरी, मटेरियल. सिव्हिलला सर्व्हे, काँक्रीट, माती, पाणी. इलेक्ट्रिकलला मशीन्स, पॉवर सिस्टिम, कंट्रोल. ईएनटीसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, त्याला सिग्नल्स, कम्युनिकेशन, आणि त्यात भरपूर गणित. केमिकलला हीट ट्रान्सफर, मास ट्रान्सफर, आणि केमिकल म्हणजे बारावीची केमिस्ट्री पुढे चालू असं समजून जी मुलं जातात त्यांना तिथे फिजिक्स आणि गणितच जास्त भेटतं. आता कॉम्प्युटरकडे या, तिथे कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, आयटी, एआय अँड डेटा सायन्स, सीएसई विथ एआय एमएल अशी नावांची रांग लागलेली आहे, पण चारही पीडीएफ शेजारी शेजारी उघडून बघा, डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क हे सगळीकडे आहे आणि फरक शेवटच्या दीड दोन वर्षांतल्या काही विषयांचा आहे. म्हणून निव्वळ नावात एआय आहे म्हणून चांगलं कॉलेज सोडून लांबचं साधं कॉलेज घेऊ नका, हे मला मनापासून सांगायचंय. भाचीने एक सोपी गोष्ट केली, प्रत्येक ब्रांचच्या थर्ड इयरचे विषय वहीत लिहिले, आणि यूट्यूबवर एनपीटीईएलचं त्या विषयाचं पहिलं लेक्चर लावून बघायची. वीस मिनिटं टिकली तर विषयापुढे बरोबरची खूण. एनपीटीईएल म्हणजे आयआयटीच्या प्रोफेसरांची लेक्चर्स, फुकट असतात.

दुसरं, काम बघायचं, प्रत्यक्ष. हे कोणी करत नाही आणि माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. ओळखीतले इंजिनिअर शोधा, पगार किती विचारू नका, काल सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलं ते विचारा, आणि जमलं तर जाऊन बघा. भाची नाताळच्या सुट्टीत चार दिवस माझ्याकडे आली होती, तिला हेल्मेट देऊन साईटवर नेलं. त्या दिवशी स्लॅबचं काँक्रीट होतं. ट्रान्झिट मिक्सर आला की आम्ही आधी स्लम्प घेतो, तीस सेंटीमीटर उंचीचा पत्र्याचा कोन असतो, त्यात तीन थरात काँक्रीट भरायचं, प्रत्येक थराला सळईने पंचवीस वेळा ठोसायचं, कोन सरळ वर उचलायचा आणि काँक्रीट किती खाली बसलं ते मोजायचं. मग क्यूब म्हणजे काँक्रीटचे चौकोनी ठोकळे भरायचे, ते सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी फोडून बघायचे. मला हे सगळं आजही आवडतं, मी तिला अगदी रंगून सांगत होतो, आणि पाच मिनिटांनी बघतो तर बाई जागेवर नाहीत. ती डीजी सेट म्हणजे डिझेल जनरेटरच्या पॅनेलपाशी आमच्या इलेक्ट्रिशियन काकांना विचारत उभी, लाईट गेल्यावर जनरेटर आपोआप कसा सुरू होतो आणि लाईट आली की त्याला कसं कळतं. काकांनी चेंजओव्हर, म्हणजे लाईन आणि जनरेटर यांच्यात अदलाबदल करणारा स्विच, उघडून दाखवला. संध्याकाळी घरी आल्यावरही तिच्या तोंडात तेच, काँक्रीटचा एक शब्द नाही. मला त्या दिवशी उत्तर मिळालं खरं तर, पण मी बोललो नाही, तिचं तिला कळू दे म्हटलं. तुमच्याकडे इंजिनिअर ओळखीचा नसेल तर एमआयडीसीतला कोणी सुपरवायझर असेल, महावितरणच्या सबस्टेशनवर कोणी असेल, सॉफ्टवेअरमधली शेजारची ताई असेल, तिच्या शेजारी एक दिवस बसून बघा, दिवसभर स्क्रीनसमोर बसून दुसऱ्याच्या कोडमधली चूक शोधणं जमेल का आपल्याला. जमणारी पोरं असतात आणि त्यांनी खुशाल कॉम्प्युटर घ्यावं.

करिअरचा विचार करताना कंपनीच्या नावांपेक्षा त्या ब्रांचचं काम कुठे आणि कोणत्या वाटेने मिळतं ते लिहून काढा. आपल्या राज्यात गाड्यांची कामं चाकण, रांजणगाव, वाळूज, नाशिक इकडे, तिथे मेकॅनिकल लागतात आणि गाड्या इलेक्ट्रिक व्हायला लागल्यापासून इलेक्ट्रिकल इलेक्ट्रॉनिक्सवालेही लागतात. केमिकलची कामं तळोजा, पाताळगंगा, कुरकुंभ, लोटे. सॉफ्टवेअर म्हणजे हिंजवडी, खराडी, नवी मुंबई, आणि बाकी बंगळूर हैदराबाद. सरकारी वाट बघायची असेल तर गेट परीक्षेच्या मार्कांवर एनटीपीसी, पॉवरग्रिड अशा कंपन्या इंजिनिअर घेत आल्यात, तिथे इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, सिव्हिल यांना जागा जास्त आणि कॉम्प्युटरवाल्यांना कमी. सिव्हिलला एमपीएससी आणि पीडब्ल्यूडी, जलसंपदा ही वाट आहे, पण तिथे जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नसतो, मधली वर्षं कशी काढणार ते आधी घरात बोला. आणि कॉम्प्युटरबद्दल एक लक्षात घ्या, २०२४ पासून एआयसीटीईने, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजांना मान्यता देणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, चांगल्या कॉलेजांना एका ब्रांचमध्ये किती जागा ठेवायच्या यावरची वरची मर्यादा काढली, त्यामुळे बऱ्याच कॉलेजांत कॉम्प्युटरच्या जागा भराभर वाढल्या. म्हणजे चार वर्षांनी सोबत बाहेर पडणारेही तेवढे जास्त. घाबरवायला सांगत नाहीये, ज्याला आवडतं त्याला काम मिळतंच, पण सगळे जातायत म्हणून जाणाऱ्याला जड जाईल.

प्लेसमेंटचे आकडे. होर्डिंगवर सगळ्यात मोठं पॅकेज लिहिलेलं असतं, ते एका पोराचं असतं. तुम्ही मीडियन विचारा, म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं तर मधल्या पोराला किती मिळाले. जी कॉलेजं एनआयआरएफ म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगला जातात त्यांची माहितीची पीडीएफ वेबसाईटवर असते, त्यात किती मुलं पास झाली, किती प्लेस झाली, मीडियन पगार किती, पुढे शिकायला किती गेली असं वर्षवार दिलेलं असतं. ते आकडे पूर्ण कॉलेजचे असतात, ब्रांचचे नाहीत, म्हणून कॉलेजात जाऊन थर्ड इयर फायनल इयरच्या पोरांना गाठा. ऑफिसात विचारू नका, कँटीनमध्ये विचारा. भाचीने एका कॉलेजात लॅबमधल्या मुलांना विचारलं की ही मशीन्स तुम्ही स्वतः चालवता की सर चालवतात आणि तुम्ही रीडिंग लिहिता, आणि उत्तर ऐकून ते कॉलेज तिने खाली ढकललं. आणि हो, नॅक आणि एनबीए ही दर्जा तपासून दिलेली मानांकनं, त्यातलं नॅक पूर्ण कॉलेजला असतं पण एनबीए प्रत्येक ब्रांचला वेगळं असतं, तेव्हा आपल्या ब्रांचला आहे का ते बघा.

कागदपत्रं, याला उशीर करू नका, हात जोडून सांगतो. जात पडताळणी म्हणजे व्हॅलिडिटी, ही बारावीत असतानाच कॉलेजमार्फत टाका, आजोबांचे दाखले, वंशावळ, जुनी नोंद काढण्यातच दोन तीन महिने जातात. नॉन क्रिमिलेअर काढताना त्यावरची तारीख वाचा, प्रवेशाचं जे वर्ष असेल त्याच्या शेवटी येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत चालणारं लागतं, म्हणजे २०२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७ पर्यंतचं. आमच्याकडे कपाटात नॉन क्रिमिलेअर आहे म्हणून भाऊजी निवांत होते आणि तारीख उलटून गेलेली, मग मेच्या उन्हात तहसील आणि सेतूच्या चार फेऱ्या. डोमिसाईल, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला हे तर आहेच, प्रत्येकावर नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटसारखं आहे का बघा.

पैशाचं घरात मोकळेपणाने बोला, मुलांसमोर. टीएफडब्ल्यूएस म्हणून जागा असतात, मंजूर जागांच्या वर पाच टक्के, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ट्यूशन फी माफ, कॅटेगरी कोणतीही असो. पण फॉर्ममध्ये त्याचा चॉईस कोड, म्हणजे कॉलेज आणि ब्रांचचा मिळून जो नंबर असतो तो, वेगळा, शेवटी टी असतो, तो वेगळा भरला नाही तर त्या जागेचा विचारच होत नाही. आणि मुलींसाठी २०२४-२५ पासून राज्य सरकारने ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीये, उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवं आणि ॲडमिशन कॅप म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेतून हवं, मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर नाही. ताईला हे माहीतच नव्हतं, ती कर्जाची चौकशी करून आली होती. होस्टेल आणि मेसचा खर्च मात्र धरा, पुण्या-मुंबईत तो फीपेक्षा जास्त वाटतो कधीकधी.

निकाल लागला की आधी पर्सेंटाईल म्हणजे टक्के नाहीत हे आजी आजोबांना समजावून सांगा, ९० पर्सेंटाईल म्हणजे शंभरातली नव्वद मुलं तुमच्या मागे किंवा बरोबरीला. मग मागच्या वर्षीची कटऑफ पीडीएफ प्रिंट काढा. त्यात जीओपनएच, एलओबीसीओ असं लिहिलेलं बघून डोकं फिरतं, पण सोपं आहे. पहिलं जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज, मधे कॅटेगरी, शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या युनिव्हर्सिटीचे, एस म्हणजे राज्य पातळी. होम युनिव्हर्सिटी साधारणपणे बारावी जिथून दिली तिथली धरतात, म्हणजे बार्शीची मुलगी लातूरला राहून बारावी देते तेव्हा तिचं होम सोलापूर राहत नाही, नांदेड होतं. आमची बार्शीतच शिकली, मग पुण्याच्या कॉलेजांना तिच्यासाठी ओचा रकाना बघायचा, आणि आम्ही पहिले दोन दिवस एचचा बघून खूष होतो. पुण्याचं सीओईपी, माटुंग्याचं व्हीजेटीआय अशांना एसचा रकाना असतो.

शेवटी यादी लावणं. आपल्याला मिळेल ते वर आणि न मिळणारं खाली असं अजिबात करायचं नाही, जे सगळ्यात हवं ते वर, मिळो न मिळो. गेल्या वर्षी प्रवेशाचे चार राउंड होते आणि पहिल्या राउंडला पहिल्या नंबरचं मिळालं तर ऑटो फ्रीझ म्हणजे तीच जागा पक्की, पुढच्या राउंडला जाता येत नाही, दुसऱ्याला पहिल्या तीनातलं, तिसऱ्याला पहिल्या सहातलं. म्हणजे वरच्या सहा ओळी अशा पाहिजेत की त्यातलं कुठलंही मिळालं तरी पोरगी हसत जाईल. यंदाचे नियम यंदाच्या माहितीपुस्तिकेत वाचा, बदलतात ते. आमच्याकडे वाद इथेच झाला. भाऊजींचं म्हणणं कॉम्प्युटर वर, कुठलंही कॉलेज चालेल. भाचीने वही आणली, ती एनपीटीईएलच्या खुणांची, आणि बाबांपुढे ठेवली. इलेक्ट्रिकलच्या पानावर नऊ खुणा होत्या, कॉम्प्युटरच्या पानावर तीन. भाऊजींनी बराच वेळ पानं उलटली, मग म्हणाले लिही तुझ्या मनाने, पण दहाव्या नंबरपासून माझे दोन टाक. ते टाकले.

कन्फर्म करायच्या आधी कच्ची प्रिंट काढा आणि एकाने चॉईस कोड मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने पीडीएफशी ताडायचा. रात्री साडेअकराला ताई वाचत होती आणि भाची ताडत होती, पाचव्या ओळीला ती थांब म्हणाली. कॉलेजचं नाव बरोबर, पण कोड त्याच संस्थेच्या दुसऱ्या गावातल्या कॉलेजचा होता. ती ओळ बदलली, परत पहिल्यापासून वाचलं, आणि मग कन्फर्म केलं.