कॅलेथियाच्या पानांच्या कडा जळतात? आधी घरातली हवा मोजा

कॅलेथिया, म्हणजे नक्षीदार पानांचं घरात ठेवायचं शोभेचं झाड, घरी आणलं की सुरुवातीला सगळं छान चाललेलं असतं आणि मग मार्च उजाडला की पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागतात, हात लावला तर कुरकुरीत लागतात. मग बहुतेक जण काय करतात तर पाणी वाढवतात. त्याने कडा काही सुधारत नाहीत, मुळं मात्र कुजतात. कुंडीतली माती ओली असून कडा जळत असतील तर आधी संशय घ्यायचा तो घरातल्या हवेवर.

हे झाड मूळचं ब्राझील आणि आजूबाजूच्या जंगलांतलं, मोठ्या झाडांच्या सावलीत जमिनीलगत वाढणारं. तिथे ऊन गाळून येतं आणि हवा दमट असते. त्यामुळे घरात याला साधारण 18 ते 27 डिग्री तापमान आणि 50-60 टक्क्यांच्या वर ह्युमिडिटी (हवेतला ओलावा) मिळाली की ते खुश. (2012 नंतर यातल्या बऱ्याच जाती गोपर्टिया या नावाखाली गेल्यात, पण नर्सरीत कॅलेथियाच म्हणा, लगेच कळतं.)

1. आधी मोजा

छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे ह्युमिडिटी मोजायचा मीटर, काही शे रुपयांत मिळतो, तो घ्याच. स्वस्त मीटर चुकीचं दाखवू शकतो म्हणून घरच्या घरी तपासून घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओलसर लगदा करा (मीठ विरघळून पातळ व्हायला नको), मग ते झाकण आणि मीटर एका झिप पाऊचमध्ये बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी 75 टक्क्यांच्या आसपास दिसायला हवं. 68 दाखवलं तर तुमचा मीटर 7 ने कमी दाखवतो, तेवढं लक्षात ठेवायचं. मीटर झाडाच्या पानांच्या उंचीवर ठेवा आणि सकाळी, दुपारी 3 ला, रात्री असं आठवडाभर बघा.

दुपारचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते. सकाळी 24 डिग्रीला 60 टक्के असलेली हवा दुपारी 34 डिग्रीवर गेली आणि तिच्यातलं पाणी तेवढंच राहिलं, तर ह्युमिडिटी 34 टक्क्यांच्या आसपास येते. कोणी काही केलेलं नसतं, फक्त ऊन वाढलेलं असतं! म्हणून मुंबई-कोकणात जे कॅलेथिया फारशी कटकट न करता वाढतं तेच पुण्यात, नाशिकमध्ये, नागपुरात एप्रिल-मेमध्ये हाल काढतं.

2. जागा बदला

हे फुकटचं काम आहे आणि निम्मा प्रश्न इथेच सुटतो. पश्चिमेच्या खिडकीतून काढा. पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी, पडद्याआडून येणारा उजेड, एवढं पुरतं. खिडकी असलेली बाथरूम असेल तर उन्हाळ्यात त्याहून चांगली जागा नाही.

एसीच्या झोतात तर अजिबात नको. एसीच्या पाइपमधून बाहेर जे पाणी टपकत असतं ते तुमच्या खोलीतल्या हवेतूनच काढलेलं असतं, म्हणजे खोली गार होते तशी हवेतली वाफही कमी होत जाते. डेझर्ट कूलरचं उलट, तो गारही करतो आणि ओलावाही वाढवतो, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांनी झाड कूलरच्या खोलीत ठेवावं, फक्त थेट वाऱ्यात नको.

3. ह्युमिडिटी वाढवा

स्प्रे बाटलीने पानांवर पाणी मारायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण त्याचा परिणाम पानं वाळेपर्यंतच टिकतो, दिवसाची ह्युमिडिटी त्याने वाढत नाही. खडे आणि पाणी भरलेल्या ताटलीचंही तसंच, थोडासाच फरक पडतो. झाडं एकत्र दाटीने ठेवली तर त्यांच्या पानांतून निघणाऱ्या वाफेने बऱ्यापैकी मदत होते. दुपारी 40 च्या खाली आकडा जात असेल तर सरळ ह्युमिडिफायर घ्या, दुपारच्या चार-पाच तासांसाठी लावा, दारं-खिडक्या लावून. त्यात बोअरचं पाणी घालू नका, पानांवर पांढरी पूड बसते, आरओचं घाला. बजेट नसेल तर काचेचं जुनं कपाट किंवा मोठी फिश टँक, आत झाड, वर काच थोडी सरकवलेली, बास. छोट्या जातींना हे मस्त जमतं.

4. पाणीही तपासा

ह्युमिडिटी 60 आहे आणि तरी कडा जळतायत, तर पाण्यातले क्षार बघा. टँकरचं, बोअरचं जड पाणी याला सोसत नाही. पावसाचं किंवा आरओचं द्या, वरची इंचभर माती सुकली की मगच.

शिवाय कोरड्या हवेत लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी अगदी बारीक कीड, येते. पानाखाली पांढरा कागद धरून पानावर टिचकी मारा, कागदावर धुळीसारखे ठिपके पडून ते चालायला लागले तर कोळीच. मग प्रत्येक पान खालून ओल्या फडक्याने पुसा, आठवड्यातून दोनदा, ठिपके दिसायचे थांबेपर्यंत.

5. थंडी आणि पावसाळा

पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 10 च्याही खाली जातो. 15-16 च्या खाली कॅलेथिया वाढ थांबवतं, त्यामुळे संध्याकाळीच बाल्कनीतून आत घ्या आणि काचेला पान टेकू देऊ नका. पाणी कमी करा.

जुलै-ऑगस्टमध्ये मीटर 80-85 दाखवेल, ह्युमिडिफायर बंद. तेव्हा दमट हवा साचून पानांवर बुरशीचे डाग पडतात म्हणून पंखा हळू चालू ठेवा.

जळलेली कड पुन्हा हिरवी होत नाही, त्यामुळे बदल केल्यावर जुन्या पानांकडे बघून निराश होऊ नका, नवीन पान उलगडेल त्याची कड बघा. आणि अजून झाड घेतलंच नसेल तर कोरड्या गावात व्हाइट फ्यूजन ही जात घेऊ नका, ती फार नाजूक, सुरुवातीला लांब पट्टेदार पानांचं रॅटलस्नेक घ्या, ते बरंच सोसतं.