तऱ्हेवाईक कुटुंबाची रोजची चित्रपट्टी: खोडीपासून छपाईपर्यंत

वर्तमानपत्रातली कौटुंबिक चित्रपट्टी वाचक चहाच्या दोन घोटांत वाचून संपवतो. पात्राची ओळख करून द्यायला तेवढा वेळ पुरत नाही, म्हणून आधी माणसं पक्की करा, विनोद मागाहून. पाच पात्रं भरपूर झाली. पाचांच्या दहा जोड्या होतात आणि रोजची पट्टी बहुधा एकाच जोडीवर उभी राहते: आजी आणि नात, बाबा आणि आजी, आई आणि मामा.

प्रत्येकाला एकच खोड द्या, आणि ती हातांनी करता येईल अशी असू द्या. ‘बाबा काटकसरी आहेत’ हे चित्रात काढता येत नाही. ‘बाबा दिसेल तो दिवा मालवतात’ हे काढता येतं. दुसरी अट अशी, की त्या माणसाला स्वतःचं वागणं अगदी रास्त वाटलं पाहिजे. आपण विनोदी आहोत हे पात्राला कळलं की पट्टी पडते.

आता ही खोड घरातल्या एखाद्या प्रसंगात सोडा. आजीचा पंचाहत्तरावा वाढदिवस. पहिली चौकट: पाट, रांगोळी, तबकांत निरांजनं, आई म्हणते, “पंचाहत्तर निरांजनं लागली! चला, ओवाळू या.” दुसरी: बाबा मागे बटणापाशी, एकही शब्द नाही. तिसरी: खोलीत अंधार, फक्त ज्योती आणि खालून उजळलेले चेहरे, बाबा म्हणतात, “आता ट्यूब कशाला?” चौथी: आजी शांतपणे सुनेला सांगते, “लग्नाचा मुहूर्तही यानं दुपारचाच मागितला होता.” बरेच जण तिसऱ्या चौकटीवरच थांबतात. तिथे खोड दिसते, पण घर दिसत नाही. शेवटची चौकट खोड सोसणाऱ्याची असली की कुटुंब उभं राहतं. दुसरी चौकट मुकी ठेवली आहे तीही मुद्दाम: बाबा काय करणार हे वाचकानं आधीच ओळखावं. जपानी चार चौकटींच्या पट्टीतही सुरुवात, वाढ, कलाटणी आणि शेवट असाच क्रम असतो. माचिको हासेगावा यांनी 1946 मध्ये सुरू केलेली ‘साझाए-सान’ ही कौटुंबिक पट्टी त्याच घाटाची.

कागदावर येण्यापूर्वी छापायचं माप संपादकीय विभागाकडून लेखी घ्या आणि त्याच्या दुप्पट काढा. समजा, छपाई 16 बाय 5 सेंटिमीटर असेल, तर मूळ चित्र 32 बाय 10. चौकटींमध्ये 4 मिलिमीटरची फट सोडली की चार चौकटी प्रत्येकी 77 मिलिमीटर रुंद होतात. कच्चं काम फिकट निळ्या पेन्सिलीनं करा, ते स्कॅनमधून सहज काढता येतं. शाई वॉटरप्रूफ काळी. 0.5 मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ टाळा. निम्मी झाल्यावर ती वर्तमानपत्राच्या कागदावर तुटते. उलट, दाट रेघाटन (छटेसाठी जवळजवळ ओढलेल्या रेघा) छपाईत भरून येतं आणि डाग दिसतो.

अक्षरं चित्राच्या आधी लिहा. हा नियम मोडला की संवादाचा फुगा चेहऱ्यावर चढलाच म्हणून समजा. मूळ चित्रात अक्षराची उंची 5 मिलिमीटर आणि दोन ओळींत 10 मिलिमीटर अंतर हवं, कारण देवनागरीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकींत अडकतात. 77 मिलिमीटरच्या चौकटीत एका ओळीत जेमतेम तीन शब्द बसतात. तीन ओळी झाल्या की चौकटीचा जवळपास तिसरा हिस्सा गेला. म्हणून एका फुग्यात आठ-नऊ शब्द, अख्ख्या पट्टीत फार तर तीस. आधी बोलणारं पात्र डावीकडे, त्याचा फुगा वर. हे उलटं झालं तर वाचक उत्तर आधी वाचतो आणि प्रश्न मागाहून.

अंधाराच्या चौकटीत नवखे फसतात. काळ्यावर पांढरी अक्षरं लिहू नका. वर्तमानपत्राचा कागद शाई शोषतो, ती पसरते आणि काने-मात्रा बुजतात. फुगा पांढराच ठेवा. सलग मोठा काळा भाग मागच्या पानावर उमटतो, तेव्हा भिंत काळी करताना ज्योतींभोवती आणि चेहऱ्यांभोवती भरपूर पांढरं सोडा. करडा रंग द्यायचा तर 15 ते 30 टक्क्यांतच. 50 टक्क्यांचा करडा छापून येईपर्यंत 75 च्या आसपास गडद होतो. स्कॅन मूळ मापात 600 डीपीआयवर (दर इंचाला 600 ठिपके) करा. निम्म्या आकारात ते 1200 भरतं, रेखाचित्राला एवढं लागतंच. रंगीत छपाईत चार शायांच्या चार वेगळ्या प्लेट असतात; तिथेही रेघ फक्त काळ्या शाईच्या प्लेटवर ठेवा. चारही रंग मिसळून काळा केला आणि प्लेट केसभर सरकली, तर प्रत्येक नाकाला रंगीत सावली येते.

पात्रं चित्रागणिक बदलू नयेत म्हणून प्रत्येकाचा नमुना-कागद करा: समोरून, बाजूनं, पाठीमागून, आणि सगळे एका रांगेत उंचीनं. मग पाचही आकृत्या पूर्ण काळ्या भरा. आजीचा अंबाडा, बाबांचं पोट, मुलीच्या वेण्या, एवढ्यावरून कोण कोण हे कळलं नाही, तर रचना पुन्हा करा. एकाच चेहऱ्यावर वेगवेगळे केस चढवून हा प्रश्न सुटत नाही.

वयाचा निर्णय पहिल्या दिवशीच घ्या. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ 1991 मध्ये ‘सकाळ’मध्ये आला आणि वर्षानुवर्षं लहानच राहिला. याउलट अमेरिकेतल्या फ्रँक किंग यांच्या ‘गॅसोलीन ॲली’त 1921 साली दारात सापडलेलं बाळ वाचकांबरोबर मोठं होत गेलं. वय गोठवणार असाल तर इयत्ता आणि सालाचा उल्लेख टाळा. वाढवणार असाल तर सगळ्यांच्या जन्मतारखांची वही ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी तुमच्याआधी वाचकच चूक दाखवतील.

सुरुवात करताना किमान तीस पट्ट्या तयार हव्यात. त्यातल्या दहा सणावाराशी, ऋतूशी संबंध नसलेल्या ठेवा; आजारपणात त्या कामी येतात. गणपती, दिवाळी दर वर्षी तारीख बदलतात, तेव्हा पंचांग पाहून पट्टीच्या मागे छापायची तारीख लिहा आणि काही सुट्ट्यांच्या दुसऱ्या दिवशी अंक निघत नाही, हेही आधी विचारून घ्या. पहिल्या पावसाची पट्टी मात्र तारीख न घालता द्या आणि पाऊस पडला की त्या रात्री फोन करून ती लावायला सांगा.