ब्राउझर निवडायचाय? आपल्याच लॅपटॉपवर पारखून घ्या

सगळ्यात वेगवान ब्राउझर कोणता, याचे तक्ते इंटरनेटवर ढिगाने सापडतात. पण ते तक्ते ज्या संगणकावर तयार झाले, तो आपला नसतो. ३२ जीबी रॅमच्या यंत्रावर बरोबरीत सुटलेल्या दोन ब्राउझरपैकी एखादा आपल्या ४ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर दहाव्या टॅबलाच धापा टाकू लागतो. म्हणून ही तुलना स्वतःच करावी. वेग आणि सुरक्षितता तपासायला एक मोकळी दुपार पुरते, सोयीसाठी मात्र थोडे जास्त दिवस लागतात. इथे विंडोजचा साधा लॅपटॉप धरला आहे आणि उमेदवार पाच घेतले आहेत: क्रोम, एज, फायरफॉक्स, ब्रेव्ह आणि विवाल्डी.

आधी घराणी ओळखा

नावं पाच असली तरी इंजिनं दोनच आहेत. क्रोम, एज, ब्रेव्ह, विवाल्डी (आणि ऑपेरासुद्धा) क्रोमियम या गूगलच्या खुल्या प्रकल्पावर उभे आहेत, म्हणजे पान रंगवण्याचं काम या सगळ्यांत ब्लिंक हेच इंजिन करतं. गूगलने ते २०१३ मध्ये ॲपलच्या वेबकिटपासून वेगळं काढलं. त्याच वर्षी ऑपेराने आपलं स्वतःचं प्रेस्टो इंजिन सोडून दिलं आणि जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचा एजही क्रोमियमवर आला. फायरफॉक्सचं गेको तेवढं वेगळं राहिलं आहे.

हे माहीत असलं की निम्मी चर्चा मिटते. क्रोम आणि विवाल्डी एकच पान वेगवेगळ्या गतीने उघडत असतील, तर फरक इंजिनात नसतो. तो जाहिराती अडवण्यात, मेमरी सांभाळण्यात किंवा भोवतीच्या सजावटीत असतो. आयफोनवर तर युरोपीय संघ आणि जपान वगळता सगळ्याच ब्राउझरना ॲपलचं वेबकिट वापरावं लागतं. त्यामुळे भारतातल्या आयफोनवर सफारी आणि क्रोमची शर्यत लावणं म्हणजे निव्वळ करमणूक.

मैदान सारखं करा

रोजच्या वापरातल्या क्रोममध्ये वर्षानुवर्षांची एक्स्टेन्शनं (ब्राउझरला वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअरं) साठलेली असतात आणि शेजारी कोराकरकरीत फायरफॉक्स. अशी तुलना करून क्रोमला जड ठरवणं अन्यायाचं आहे. आधी प्रत्येक ब्राउझर अपडेट करा. मग क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर क्लिक करून नवं प्रोफाइल तयार करा. त्यात एकही एक्स्टेन्शन घालू नका, खात्यात लॉगिनही करू नका. बाकीच्यांतही हेच करा. लॅपटॉप चार्जरला लावा, कारण बॅटरीवर असताना विंडोज प्रोसेसरला आवर घालतं आणि आकडे हलतात. एका वेळी एकच ब्राउझर उघडा, बाकी सगळं बंद.

वेग

पहिली चाचणी स्पीडोमीटर. तिची तिसरी आवृत्ती मार्च २०२४ मध्ये आली आणि ती ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट व मोझिला यांनी मिळून बनवली आहे. एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या कंपन्यांनी मान्य केलेली ही मोजपट्टी असल्यामुळे तिच्यावर बऱ्यापैकी विसंबता येतं. ‘ब्राउझरबेंच’ या साइटवर जाऊन ती चालवा. कामांची यादी भरणं, लेखन-संपादन, आलेख काढणं अशा नेहमीच्या गोष्टी ती झपाझप करून पाहते आणि शेवटी गुण देते. जास्त गुण म्हणजे चांगलं. तीनदा चालवून मधला आकडा घ्या. दोन ब्राउझरमध्ये पाच-सात टक्क्यांचा फरक दिसला तर तो सोडून द्या. डोळ्यांना तो कधीच कळणार नाही.

स्पीडोमीटर इंटरनेटचा वेग मोजत नाही आणि जाहिरातींचं ओझंही मोजत नाही. म्हणून दुसरी चाचणी आपल्या स्वतःच्या साइटवर घ्यायची. रोज वापरतो अशा चार-पाच निवडा: बँक, ईमेल, रेल्वे आरक्षण, एखादं मराठी वृत्तपत्र, यूट्यूब. पान उघडून एफ१२ दाबा, ‘नेटवर्क’ विभागात जाऊन कॅशे (आधी उतरवून ठेवलेला साठा) बंद करण्याच्या चौकोनावर टिक करा आणि पान पुन्हा लोड करा. खालच्या पट्टीत किती विनंत्या गेल्या, किती एमबी उतरले आणि एकूण किती सेकंद लागले, हे तिन्ही दिसतं.

खरी गंमत इथे आहे. बँकेच्या पानावर पाचही ब्राउझर जवळपास सारखे येतील. वृत्तपत्राच्या पानावर मात्र ब्रेव्ह सहसा पुढे जातो, कारण तो जाहिराती आणि माग काढणाऱ्या स्क्रिप्ट मुळातच उतरवून घेत नाही. त्याच पानासाठी क्रोममध्ये यूब्लॉक ओरिजिन लाइट हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन घालून पुन्हा मोजा. अंतर बरंचसं मिटलेलं दिसेल. माझं मत विचाराल तर आज ब्राउझरचा वेग म्हणजे बहुतेक वेळा त्या पानाचं वजन, इंजिनाची ताकद नव्हे.

‘उघडायला किती वेळ लागतो’ ही कसोटी मात्र जरा जपून वापरा. एजमध्ये ‘स्टार्टअप बूस्ट’ नावाची सोय आहे. संगणक सुरू होतानाच एजचे काही भाग मागच्या मागे जागे करून ठेवले जातात, मग चिन्हावर क्लिक करताच खिडकी झटकन उघडते. तुलना करताना ती सेटिंगमधून बंद करावी.

आता रॅम. नेहमीचे दहा-बारा टॅब उघडा, पाच मिनिटं थांबा, मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझरच्या नावापुढचा आकडा लिहून घ्या. नुसतं शिफ्ट-एस्केप दाबलं तर क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही आपल्या पोटातला हिशेब दाखवतात: कोणता टॅब किती खातोय, कोणतं एक्स्टेन्शन फुकट बसून मेमरी अडवतंय. पुष्कळदा दोषी ब्राउझर नसतो, विसरून उघडा राहिलेला एखादा टॅब असतो.

रॅम कमी खाल्ली म्हणजे ब्राउझर चांगला, असं मात्र नाही. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधला स्पेक्टर हा दोष जाहीर झाला. एका साइटचा कोड दुसऱ्या साइटची मेमरी वाचू शकेल, अशी धास्ती त्याने निर्माण केली. म्हणून क्रोमने त्याच वर्षी प्रत्येक साइटला स्वतंत्र प्रोसेस द्यायला सुरुवात केली आणि फायरफॉक्सने २०२१ च्या अखेरीस तेच केलं. या भिंतींसाठी रॅम लागते, आणि ती द्यावी. लॅपटॉप खूपच तोकडा असेल तर क्रोममधलं ‘मेमरी सेव्हर’ किंवा एजमधलं ‘स्लीपिंग टॅब्स’ चालू करा. न वापरलेले टॅब झोपी जातात, भिंती तशाच राहतात.

सुरक्षा: इथे गुण नसतात, तपासणी असते

घरबसल्या कोणी ब्राउझर फोडून पाहू शकत नाही, तेव्हा काही गोष्टी बघून घ्यायच्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अपडेट. मेनूतल्या ‘मदत’मधून ‘अबाउट’ उघडा. आवृत्ती ताजी आहे का, तिथेच कळतं. क्रोम २०२३ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला देतो. बाकीच्या क्रोमियम ब्राउझरना त्या दुरुस्त्या आपल्यात ओढून घ्याव्या लागतात, म्हणून छोट्या कंपनीचा ब्राउझर निवडताना ती किती तत्पर आहे हे महिनाभर पाहावं. आपल्याकडे सर्ट-इन ही सरकारी संस्था क्रोम, फायरफॉक्स, एज यांच्यातल्या दोषांबद्दल सूचना काढत असते. ‘गंभीर धोका’ असा मथळा वाचून घाबरू नका, ब्राउझर अपडेट करून बंद-चालू करा. घरात अजून विंडोज ७ चालू असेल तर त्यावरचा क्रोम २०२३ च्या सुरुवातीलाच १०९ व्या आवृत्तीवर थांबला आहे. त्या यंत्रावर बँकेचे व्यवहार नकोतच.

दुसरं, माग काढणं. सफारीने २०२० मध्ये तिसऱ्या पक्षाच्या कुकीज, म्हणजे उघडलेल्या साइटखेरीज इतरांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी, सरसकट अडवल्या. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवल्या. क्रोमने त्या काढून टाकण्याची घोषणा २०२० मध्ये केली, तारखा पुढे ढकलल्या आणि शेवटी बेत सोडूनच दिला. म्हणजे क्रोम वापरायचा तर ‘गोपनीयता आणि सुरक्षा’मध्ये जाऊन त्या कुकीज आपणच बंद करायच्या. प्रत्यक्ष काय होतंय हे पाहायला इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनची ‘कव्हर युअर ट्रॅक्स’ ही मोफत चाचणी पाचही ब्राउझरमध्ये चालवा.

तिसरं, जाहिरातरोधक. गूगलने एक्स्टेन्शनचे नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही३ आणलं आणि त्यामुळे जुना, पूर्ण ताकदीचा यूब्लॉक ओरिजिन क्रोममध्ये चालेनासा झाला. तिथे त्याची लाइट आवृत्ती मिळते. फायरफॉक्समध्ये तो पूर्वीसारखाच चालतो. माझ्या लेखी फायरफॉक्सच्या बाजूने हे सगळ्यात वजनदार कारण आहे.

आणि एक्स्टेन्शन कोणतंही असो, ‘सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे व बदलणे’ ही परवानगी मागत असेल तर क्षणभर थांबा. ते तुमच्या बँकेचं पानही वाचू शकतं. हवामान दाखवणाऱ्या एक्स्टेन्शनला त्याची काय गरज?

‘फक्त एचटीटीपीएस’ (म्हणजे साइटशी फक्त सांकेतिक, सुरक्षित जोडणी) ही सेटिंग सगळीकडे चालू करून टाका. पण पत्त्यापुढचं कुलूप म्हणजे साइट खरी, हा समज सोडा. फसव्या साइटनाही कुलूप मिळतं आणि म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकलं. इनकॉग्निटोही तसंच. तुमचा इतिहास त्या लॅपटॉपवर उरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कार्यालयाच्या नेटवर्कला तुम्ही कोणत्या साइटवर जाता हे तरीही दिसतं.

सोय आणि सजावट

वेगात फरक थोडा, सुरक्षेत सेटिंगने भरून निघणारा. निर्णय खरा इथे होतो, आणि त्याला एका दुपारीत उत्तर नाही. प्रत्येकात एक-एक दिवस खरं काम करा.

विवाल्डी हा हौशी माणसाचा ब्राउझर. ऑपेराचे माजी प्रमुख यॉन फॉन टेट्झनर यांनी तो उभा केला, पहिली आवृत्ती २०१६ ची. टॅब डावीकडे ठेवा, खाली ठेवा, एकावर एक रचा, चार पानं एकाच खिडकीत मांडा, माउस हलवून मागे-पुढे जा, प्रत्येक कामाला आपला शॉर्टकट द्या. ज्यांना दिवसभर पन्नास टॅबमध्ये काम करावं लागतं त्यांना तो फार मानवतो. बाकीच्यांची मात्र पहिली संध्याकाळ सेटिंगमध्येच संपते.

फायरफॉक्समध्ये ‘मल्टी-अकाउंट कंटेनर्स’ हे मोझिलाचंच एक्स्टेन्शन घाला. घरचा आणि ऑफिसचा असे दोन ईमेल एकाच खिडकीत, रंगीत टॅबमध्ये शेजारी-शेजारी चालतात, कुकीज एकमेकांत मिसळत नाहीत. मराठी वाचणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: फॉन्टच्या प्रगत सेटिंगमध्ये लिपी म्हणून देवनागरी निवडून तिच्यासाठी वेगळा फॉन्ट आणि वेगळा आकार ठरवता येतो. इंग्रजी अक्षरं आहेत तशीच राहतात, मराठी तेवढी मोठी होतात. घरातल्या ज्येष्ठांच्या लॅपटॉपवर हे आधी करून द्या. जोडाक्षरं विस्कटलेली दिसली तर मात्र ब्राउझरला बोल लावू नका, तो बहुधा फॉन्टचा दोष असतो.

एजमध्ये उभे टॅब आहेत, आणि ‘मोठ्याने वाचा’ या सोयीत मराठी आवाजही आहेत. लांबलचक लेख ऐकत स्वयंपाक उरकता येतो. जुनी सरकारी किंवा कार्यालयीन पोर्टलं अजून इंटरनेट एक्स्प्लोरर मागत असतील तर एजमधला ‘आयई मोड’ कामी येतो. तो निदान २०२९ पर्यंत ठेवू, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. ब्रेव्हमधली क्रिप्टो वॉलेट आणि रिवॉर्ड्सची बटणं पहिल्याच दिवशी लपवा, मग तो शांत होतो. क्रोम रंग बदलू देतो, फारसं आणखी काही नाही.

निवडल्यावर

गुणांची बेरीज करत बसू नका. दोन ब्राउझर ठेवायलाही हरकत नाही: एक रोजचा, आणि दुसरा फक्त बँक व कराच्या कामांसाठी, त्यात एकही एक्स्टेन्शन नाही.

बुकमार्क नव्या ब्राउझरच्या ‘आयात करा’मधून सरळ येतात. पासवर्डही बहुतेक वेळा तसेच येतात. ते फाइलमधून न्यावे लागले, तर ती सीएसव्ही फाइल कुणालाही उघडून वाचता येईल अशी साधी असते. आयात झाल्या-झाल्या ती पुसा आणि रीसायकल बिनही रिकामा करा. विंडोजच्या ‘डीफॉल्ट ॲप्स’मध्ये नव्या ब्राउझरचं नाव लावा. जुना ब्राउझर दोन-तीन आठवडे तसाच राहू द्या, कारण एखाद्या साइटचा पासवर्ड फक्त तिथेच जपलेला निघतो. सगळं आलं याची खात्री पटली की त्यातले साठवलेले पासवर्ड आणि कार्डांचे तपशील काढून टाका, सिंक बंद करा आणि खात्यातून बाहेर पडा.