सर्व्हरवर चढवण्याआधी लायसन्सची फाइल उघडा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या अडत्याला हळदीच्या सौद्यांचा हिशेब ऑनलाइन करून द्यायचाय आणि त्यासाठी ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, सॉफ्टवेअर घेताय? मग कोडला हात लावण्याआधी परवाना बघा. ईआरपीनेक्स्ट या व्यवसायाचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरसारखं जीपीएलवालं (प्रत दिली तर कोडही द्यायला लावणारा परवाना) असेल आणि बदललेला कोड स्वतःच्या सर्व्हरवर चालवून लोकांना नुसता वापरू दिला, तर तो कोड त्यांना द्यावा लागत नाही. कारण प्रत कुणाच्या हाती दिलेलीच नसते. ही पळवाट एजीपीएल या जीपीएलसारख्याच पण जास्त कडक परवान्याच्या २००७ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने बुजवली. तिच्या १३व्या कलमानुसार, तुम्ही बदल केलेत तर नेटवर्कवरून वापरणाऱ्या प्रत्येकाला तो कोड विनामूल्य मिळण्याची सोय ठळकपणे द्यावी लागते. फाइली साठवण्याचं नेक्स्टक्लाउड आणि सोशल नेटवर्कचं मॅस्टोडॉन याच परवान्यावर आहेत.

पानाच्या तळाशी ‘सोर्स कोड’ अशी लिंक टाका. ती मूळ प्रकल्पाकडे नको, तुमच्या चालू आवृत्तीकडेच जायला हवी. चुकतं ते बहुतेक इथंच. काहीच बदललं नसेल, तर हे कलम लागू होत नाही.

आणि अडत्याला सांगा, घाबरू नका: द्यायचा तो कोड. शेतकऱ्यांची नावं, पट्ट्या, पासवर्ड त्यात येत नाहीत. मात्र पासवर्ड कोडमध्येच लिहून ठेवला असेल, तर आधी तो बाहेर काढा.