पाठवलेलं डॉक्युमेंट समोरच्याने बदलू नये म्हणून काय करायचं

आधी एक ठरवा, तुम्ही फाईल पाठवताय की लिंक. फाईल मेलला नाहीतर व्हॉट्सॲपला जोडून गेली की ती समोरच्याची झाली, मग तो तिच्यात काय करेल ते तुमच्या हातात नाही. लिंक दिली तर मूळ डॉक्युमेंट तुमच्याकडेच राहतं आणि दिलेली परवानगी कधीही काढून घेता येते, त्यामुळे जमेल तिथे लिंकच द्या.

गुगल डॉक्समध्ये शेअर दाबून मेल आयडी टाकला की बाजूला बहुतेक वेळा 'एडिटर' आधीच आलेलं असतं आणि घाईत आपण तसंच सेंड करून टाकतो. तिथे 'व्ह्यूअर' करा, फक्त मत हवं असेल तर 'कमेंटर'. खाली जनरल ॲक्सेस 'रिस्ट्रिक्टेड' ठेवा, कारण 'एनीवन विथ द लिंक' आणि त्यात एडिटर असं राहिलं तर लिंक ग्रुपाग्रुपात फिरते आणि लॉगिन न केलेला माणूसही मजकूर बदलू शकतो. वरचं गिअरचं चिन्हही उघडून बघा. एडिटर लोकांनी पुढे आणखी कोणाला परवानगी द्यायची की नाही ते तिथे ठरतं, आणि डाउनलोड-प्रिंट-कॉपी पण तिथूनच बंद होतं. स्क्रीनशॉट तरीही निघतो, तो कोणी थांबवू शकत नाही.

एडिटर द्यावाच लागला तर फाईल मेनूतली व्हर्जन हिस्टरी आहे, कोणी काय बदललं ते दिसतं आणि जुनी प्रत परत आणता येते.

एक्सेलमध्ये लोक हमखास अडकतात. रिव्ह्यूमध्ये जाऊन प्रोटेक्ट शीट केलं की कोणालाच काही भरता येत नाही, कारण सगळे सेल मुळातच लॉक असतात, फक्त प्रोटेक्ट करेपर्यंत ते लॉक लागू होत नाही. म्हणून आधी समोरच्याने भरायचे तेवढेच सेल सिलेक्ट करा, कंट्रोल आणि 1 दाबा, प्रोटेक्शन टॅबमधली 'लॉक्ड'ची टिक काढा आणि मगच प्रोटेक्ट शीट करून पासवर्ड द्या. आता रिकामे रकाने भरता येतील पण तुमचे फॉर्म्युले जागेवर राहतील. गुगल शीट्समध्ये हेच काम डेटा मेनूतल्या 'प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस'ने होतं. हे सगळं चुकून होणारे बदल थांबवायला उत्तम आहे, पण मुद्दाम तोडायचंच ठरवलेल्या माणसाला ते थांबवत नाही, हे लक्षात असू द्या.

वर्डमधलं 'मार्क ॲज फायनल' म्हणजे फक्त विनंती, वरच्या पट्टीवर 'एडिट एनीवे' दाबलं की संपलं. त्यापेक्षा रिव्ह्यू, रिस्ट्रिक्ट एडिटिंग, आणि तिथे 'नो चेंजेस' निवडून पासवर्ड लावा. बदल चालतील पण दिसायला हवेत असं असेल तर तिथेच 'ट्रॅक्ड चेंजेस' निवडा, मग समोरच्याला ट्रॅकिंग बंद करता येत नाही. करारासारख्या कागदाला मला हा पर्याय सगळ्यात आवडतो.

पीडीएफ केलं म्हणजे सुरक्षित झालं असं खूप जण समजतात, पण तसं नाही. पीडीएफला दोन पासवर्ड असतात, एक उघडायचा आणि दुसरा परवानग्यांचा म्हणजे एडिट, प्रिंट, कॉपीचा. दुसरा पाळायचा की नाही हे शेवटी समोरच्याच्या सॉफ्टवेअरवर असतं आणि काही सॉफ्टवेअर तो सरळ बाजूला सारतात. उघडायचा पासवर्ड खरा पक्का असतो, तो लांबलचक ठेवा आणि त्याच मेलमध्ये पाठवू नका, फोनवर सांगा.

पैशाचा किंवा कायद्याचा कागद असेल तर डिजिटल सिग्नेचर करूनच पाठवा. त्याने बदल अडत नाही, पण सहीनंतर मजकुरात फेरफार झाला की सही तपासताना ते उघड होतं. तेवढी सोय नसेल तर पाठवलेली फाईल जशीच्या तशी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि पाठवलेला मेल डिलीट करू नका. वाद झाला तर वर्डमध्ये रिव्ह्यूमधल्या 'कंपेअर'मध्ये तुमची प्रत आणि त्यांची प्रत टाकायची, कुठे काय बदललं ते लगेच समोर येतं.